लस थोडी, माणसं फार : आधी कुणाला, हे ठरवायचं कसं?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२१च्या उन्हाळ्यात मी एका तालुक्याच्या गावी कोविड लसीकरण केंद्राच्या फाटकापाशी टोकन वाटायला बसायचो. आत नर्सताई लस टोचायच्या आणि बाहेर आम्ही स्वयंसेवक लोकांच्या शिव्या खायचो. त्या फाटकावर विचारले गेलेले आणि पुढे कॉलेजातल्या मुलांनी, नातेवाइकांनी, मंडळातल्या मित्रांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. पण रांग फार जवळून पाहिली आहे.

सगळ्यांना एकदम का देता आली नाही?

कारण लस तेवढी नव्हतीच. १६ जानेवारी २०२१ला देशात लसीकरण सुरू झालं तेव्हा हाताशी दोनच लसी होत्या, कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन. सरकारचा पहिला अंदाज असा होता : आरोग्य कर्मचारी सुमारे १ कोटी, पोलीस-सफाई कामगार वगैरे फ्रंटलाइनवाले २ कोटी, आणि त्यानंतर पन्नाशीच्या वरचे व सहव्याधी (मधुमेह-रक्तदाबासारखे आधीपासूनचे आजार) असलेले मिळून २७ कोटी. प्रत्येकाला दोन डोस. कारखाना रात्रंदिवस चालला तरी महिन्याला ठरावीकच कुप्या बाहेर पडतात, त्यामुळे कुणीतरी थांबणार हे नक्की होतं. कोण थांबणार, एवढंच ठरवायचं होतं.

मग क्रम ठरवायचं एखादं शास्त्रीय सूत्र असेलच ना?

नाही. शास्त्र एवढं सांगतं, की अमुक वयाच्या माणसाला मृत्यूचा धोका किती, आणि लस दिली तर तो किती कमी होतो. पण आपल्याला आधी काय वाचवायचं आहे, हे शास्त्र सांगत नाही. ते माणसांनीच ठरवायचं असतं, आणि सगळी भांडणं तिथेच होतात.

मृत्यू कमी करायचे असतील तर म्हातारे आधी. दवाखाने चालू ठेवायचे असतील तर नर्स, वॉर्डबॉय आणि अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आधी. साथ पसरूच द्यायची नसेल, तर जे सगळ्यांत जास्त फिरतात आणि भेटतात ते आधी. म्हणजे भाजीवाले, रिक्षावाले, कॉलेजची पोरं. पण त्यासाठी लस संसर्गही थांबवते याची खात्री हवी. २०२१च्या सुरुवातीला तशी खात्री नव्हती. ती गंभीर आजार टाळते, एवढंच चाचण्यांत नीट दिसलं होतं.

देशांनी वेगवेगळी उत्तरं दिली. ब्रिटनने वृद्धाश्रमातले रहिवासी आणि त्यांची काळजी घेणारे पहिले घेतले, मग ऐंशीच्या वरचे आणि आरोग्य कर्मचारी, मग वयाच्या पायऱ्या उतरत खाली. फेब्रुवारी २०२१मध्ये तिथे शिक्षकांना आणि पोलिसांना पुढे घ्या अशी मागणी जोरात होती. तज्ज्ञ समितीने ती मानली नाही. वयाचा नियम सोपा आहे, व्यवसाय तपासत बसलो तर वेग जाईल, असं तिचं म्हणणं पडलं. इंडोनेशियाने उलटं केलं. आरोग्य कर्मचाऱ्यांनंतर १८ ते ५९ वयाचे कमावते लोक पुढे, वृद्ध मागून. त्यामागे कामधंदा चालू राहावा हा विचार होता, आणि हाताशी असलेल्या चिनी लसीचा वृद्धांवरचा अभ्यास तेव्हा अपुरा होता हेही कारण होतं. दोघांपैकी चूक कोण? माझ्या मते ब्रिटनची बाजू भक्कम होती. पण इंडोनेशियाला अन्यायी म्हणणं मला जमत नाही.

डॉक्टर-नर्सना पहिलं का? त्यांचा जीव जास्त मोलाचा?

जीव सारखाच. पण एक नर्स आजारी पडली तर तिच्या वॉर्डातले रुग्ण उघडे पडतात. शिवाय आपण घरात दार लावून बसलो तेव्हा आपल्यासाठी धोक्यात जाऊन उभे राहिले तेच. आपण त्यांचं काही देणं लागतो.

खरा वाद ‘आरोग्य कर्मचारी’ म्हणजे कोण, यावर होतो. आशा आणि अंगणवाडी सेविका यादीत होत्या, हे चांगलं झालं. पण यादीला दार असलं की त्या दारातून भलतेही शिरतात. दवाखान्याच्या हिशेबनिसाचा मेहुणाही ‘कर्मचारी’ होतो. हे इतकं वाढलं की ३ एप्रिल २०२१ला केंद्राने आरोग्य आणि फ्रंटलाइन गटाची नवी नोंदणीच बंद करायला सांगितली, कारण अपात्र लोक त्यात नावं घालत होते. त्याने घुसखोर थांबले, आणि ज्यांचं नाव खरोखर राहून गेलं होतं तेही थांबले.

म्हाताऱ्यांचं आयुष्य जगून झालेलं असतं. आधी कमावत्या माणसाला द्यायला नको का?

हा प्रश्न बहुतेकदा दबक्या आवाजात विचारला जातो, आणि गंमत म्हणजे विचारणाऱ्यांत म्हातारेच जास्त असतात. ‘मला राहू द्या, माझ्या पोराला द्या,’ असं म्हणणारे आजोबा मी रोज पाहिले.

यामागचा युक्तिवाद पोकळ नाही. तीस वर्षांचा माणूस गेला तर पुढची चाळीस वर्षं गेली. पंच्याहत्तरीचा गेला तर दहा. तो हिशेब धरला तर तरुण पुढे यायला हवेत. पण कोविडमध्ये वयाबरोबर मृत्यूचा धोका इतका झपाट्याने चढत होता, की शंभर डोस तरुणांना देऊन जितके जीव वाचले असते त्याच्या कितीतरी पट म्हाताऱ्यांना देऊन वाचणार होते. उरलेल्या वर्षांनी हिशेब केला तरी उत्तर बहुधा म्हाताऱ्यांच्याच बाजूने जात होतं. आजार वेगळा असता, लहान मुलांना मारणारा असता, तर हेच गणित उलटं फिरलं असतं. मलेरियाच्या लसीत तसंच आहे. ती आफ्रिकेत तान्ह्या आणि लहान मुलांनाच देतात, कारण मरतात ती तीच.

पण वयाच्या नियमात एक खाच आहे. कमावता माणूस घरी बसू शकत नाही. १ मार्चपासून साठीच्या वरचे सगळे, आणि ४५ ते ५९ मधले सहव्याधीवाले पात्र झाले. सहव्याधींची यादी वीस आजारांची होती. नुसता मधुमेह चालत नव्हता. तो दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा हवा, आणि जोडीला औषध चालू असलेला रक्तदाब हवा. वर डॉक्टरचा दाखला. ज्याच्या घराला फॅमिली डॉक्टर आहे त्याला तो तासाभरात मिळायचा. साखर कधी तपासलीच नाही अशा हमालाला रोग असला तरी दाखला कुठून येणार? १ एप्रिलला पंचेचाळीसच्या वरच्या सर्वांना दार उघडलं आणि दाखला गेला. एक चांगला हेतू असलेला, पण गरिबाला अडवणारा कागद महिनाभरात संपला याचा मला आनंद झाला होता.

जो आधी येईल त्याला आधी. याहून न्याय्य काय असणार?

ऐकायला फार सरळ वाटतं. रेशनच्या रांगेपासून एसटीच्या खिडकीपर्यंत आपल्याला तीच सवय. पण ‘आधी कोण येतो’ याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. ज्याचं घर जवळ, ज्याला सुट्टी मिळते, ज्याचे पाय धड आहेत, तो आधी येतो. आमच्या फाटकावर पहाटे चारला चपला ठेवून रांग लागायची. सातला पहिली एसटी यायची. एसटीने येणारी वाडीवरची बाई कितीही लवकर निघाली तरी चपलांच्या मागेच.

मग रांग मोबाइलवर गेली, आणि आणखी बिघडली. १ मे २०२१पासून १८ ते ४४च्या गटाला कोविन या सरकारी पोर्टलवर आधी नोंदणी करून वेळ घेणं सक्तीचं होतं. सुरुवातीचे महिने ते पोर्टल इंग्रजीतच होतं. मराठी आणि इतर भाषा जूनमध्ये आल्या. संध्याकाळी स्लॉट उघडायचे आणि ओटीपी येईपर्यंत संपायचे. ज्यांना जमत होतं त्यांनी स्लॉट उघडल्याबरोबर कळवणारी सॉफ्टवेअर लिहिली. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनाही जिवाची भीती होतीच. पण परिणाम असा, की शहरातल्या गाड्या ग्रामीण केंद्रांच्या बाहेर उभ्या राहिल्या. केंद्र आमच्या गावचं आणि यादीतली नावं पन्नास-साठ किलोमीटरवरची. गावातली पोरं झाडाखाली उभी राहून बघायची. एके दिवशी त्यावरून हमरीतुमरी झाली, पोलीस पाटलांना बोलवावं लागलं.

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात ३१ मे २०२१च्या आदेशात यावरच बोट ठेवलं. निव्वळ डिजिटल पोर्टलच्या भरवशावर राहिलं तर ज्यांच्याकडे फोन-इंटरनेट नाही ते मागे पडणार. त्याच आदेशात १८ ते ४४च्या गटासाठीचं सशुल्क धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि तर्कहीन असल्याचंही म्हटलं. सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा त्याच्या आठवडाभर आधी, २४ मेला मिळाली होती.

म्हणून माझं मत असं झालं आहे : यादी कागदावर न्याय्य असून भागत नाही. यादीतला माणूस फाटकापर्यंत कसा पोचणार, हे त्याच यादीत लिहिलेलं हवं.

मग सोडत का काढत नाहीत?

काढायला हवी होती, एका ठरावीक ठिकाणी. म्हाडाच्या घरांना आपण सोडत मानतो, आरटीईच्या पंचवीस टक्के प्रवेशांना मानतो. ज्याचा नंबर लागत नाही तो चरफडतो, पण वशिल्याचा संशय कमी असतो. सगळ्या जनतेतून सोडत मात्र चुकीची ठरेल. ऐंशीच्या आजी आणि वीस वर्षांचा पैलवान यांना एकाच डब्यात घालणं म्हणजे धोक्याकडे डोळेझाक. आधी धोक्यानुसार गट पाडायचे, आणि एकाच गटात डोसांपेक्षा माणसं जास्त झाली की तिथे चिठ्ठ्या टाकायच्या. वेगवान बोटांपेक्षा चिठ्ठी बरी.

एक डोस सगळ्यांना, की दोन डोस निम्म्यांना?

हा प्रश्न वाटतो तांत्रिक, पण आहे तो वाटपाचाच. डोसांतलं अंतर वाढवलं की आहे त्या साठ्यात जास्त लोकांना पहिला डोस मिळतो. ब्रिटनने डिसेंबर २०२०च्या अखेरीस हेच केलं, बारा आठवड्यांपर्यंत ताणलं. आपल्याकडे कोव्हिशील्डचं अंतर ४ ते ६ आठवडे होतं. २२ मार्चला ६ ते ८ झालं, १३ मेला १२ ते १६. कारण अभ्यासाचं सांगितलं गेलं, आणि मोठ्या अंतराने संरक्षण वाढतं असं दाखवणारा अभ्यास खरोखर होताही. पण टंचाई ऐन भरात असताना तो निर्णय आला, म्हणून फाटकावर कुणाचा विश्वास बसला नाही. ‘लस नाही म्हणून तारीख पुढे ढकलली,’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. आणि मग विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार आला. त्याच्यापुढे एकच डोस कमी पडतो असं दिसल्यावर ब्रिटनने पन्नाशीच्या वरच्यांसाठी अंतर पुन्हा आठ आठवड्यांवर आणलं.

महाराष्ट्राने मे महिन्यात दुसऱ्या बाजूचा निर्णय घेतला : १८ ते ४४चं लसीकरण थांबवून ती लस पंचेचाळीसच्या वरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवली. तरुण चिडले. मला तो निर्णय पटला होता. ज्याला पहिला डोस देताना ‘अमुक दिवसांनी या’ म्हणून सांगितलं, त्याला दिलेला तो शब्द आहे.

डोस खरोखर वाटून घेण्याचं सगळ्यांत धाडसी उदाहरण काँगोमधलं. २०१६मध्ये पीतज्वराची साथ राजधानी किन्शासात पसरण्याची भीती होती आणि लस अपुरी होती. ऑगस्टमध्ये तिथे नेहमीच्या मात्रेचा फक्त पाचवा भाग देऊन सत्तर लाखांहून जास्त लोकांना टोचलं. कॉलऱ्याच्या लसीतही ऑक्टोबर २०२२पासून, साठा पुरेना म्हणून, साथीच्या ठिकाणी दोनऐवजी एकच डोस देण्याचं ठरलं. ‘कुणाला द्यायची’ हा प्रश्न काही वेळा ‘किती द्यायची’ असा बदलून थोडा सोपा करता येतो. प्रत्येक लसीला ते चालत नाही, हे मात्र आधी तपासावं लागतं.

संध्याकाळी उरलेल्या डोसचं काय करायचं?

टोचून टाकायचा. कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा डोस, आणि कुपी उघडली की चार तासांत संपवायची. पाच वाजता सात माणसं असली तर तीन डोस उरणार. ते कचऱ्यात टाकणं हा कुठल्याच क्रमाचा मान राखणं नव्हे. फक्त उरलेल्यांसाठी हाक मारायची यादी सकाळीच करून भिंतीवर लावावी. नाहीतर पाच वाजता ज्याचा फोन नंबर नर्सताईंकडे आहे तोच येतो, आणि मग कुप्या मुद्दाम उशिरा फोडल्या जातात अशी कुजबुज सुरू होते.

पैसे मोजून आधी घेतली तर दुसऱ्याचं काय गेलं?

साठा मुबलक असेल तर काहीच नाही. टंचाईत मात्र त्याचा डोस गेला. १ मे २०२१पासून निम्मा साठा केंद्राला आणि निम्मा राज्यांना व खासगी रुग्णालयांना, असं ठरलं. एकाच कोव्हिशील्डची किंमत केंद्राला १५० रुपये, राज्यांना आधी ४०० आणि ओरड झाल्यावर ३००, खासगीला ६००. त्या मे महिन्यात खासगी वाट्यातला जवळपास निम्मा साठा नऊ बड्या रुग्णालय-समूहांनी उचलला, आणि त्यांची रुग्णालयं बहुतेक महानगरांतली. आमच्या तालुक्याला त्यातलं काय येणार?

२१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के साठा स्वतःकडे घेऊन सगळ्यांना मोफत केला आणि २५ टक्के खासगीला ठेवला. कोव्हिशील्डचा जास्तीत जास्त दर ७८० रुपये ठरला. चार माणसांचं कुटुंब, प्रत्येकी दोन डोस : सहा हजारांच्या वर. आणि पैसे मोजायला तयार असलेल्या घाबरलेल्या लोकांभोवती काय जमतं तेही दिसलं. त्याच मेमध्ये कांदिवलीतल्या एका गृहसंकुलात शेकडो रहिवाशांनी पैसे भरून शिबिरात लस घेतली, आणि नंतर ते शिबिरच बनावट निघालं.

आधार नाही, फोन नाही, अंथरुणावरून उठता येत नाही. अशांचं काय?

ते कुठल्याही यादीत शेवटी जातात, कुणी दुष्ट असतो म्हणून नव्हे, तर यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते येत नाहीत म्हणून. भटके, कैदी, मनोरुग्णालयातले, रस्त्यावर भीक मागणारे, अशा ओळखपत्र नसलेल्यांसाठीची केंद्राची कार्यपद्धती मे २०२१मध्ये आली, म्हणजे मोहीम सुरू होऊन साडेतीन महिने झाल्यावर. घरोघरी जाऊन लस द्यावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. केंद्राचं म्हणणं होतं, की कुपी घेऊन दारोदार फिरलं तर लस वाया जाईल, लस थंड ठेवण्याची साखळी तुटेल. शेवटी अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मुंबईत घरी जाऊन लस द्यायला सुरुवात झाली ती जुलैच्या अखेरीस.

कैद्यांवरून एक आठवण द्यावीशी वाटते. १८९७मध्ये मुंबईत प्लेग होता. प्लेगची लस बनवणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली. लस सिद्ध व्हायची असते तेव्हा कैदी रांगेत पुढे असतात.

माणसं पक्षपाती असतात. संगणकालाच ठरवू दिलं तर?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या रुग्णालयाने डिसेंबर २०२०मध्ये ते करून पाहिलं. सूत्रात वय होतं, विभाग होता. पहिल्या पाच हजार डोसांच्या यादीत तेराशेहून अधिक निवासी डॉक्टरांपैकी फक्त सात जण आले. कोविड वॉर्डात रात्रपाळी करणारे तेच! ते वयाने तरुण आणि कुठल्याच एका विभागाशी बांधलेले नाहीत, म्हणून सूत्रात त्यांना गुणच पडले नाहीत. निदर्शनं झाली, व्यवस्थापनाला माफी मागावी लागली. सूत्र उघड असतं आणि एखाद्या निवासी डॉक्टरने ते आधी वाचलं असतं, तर पाच मिनिटांत चूक सापडली असती.

लस नाही तर लोकल नाही, हे बरोबर होतं का?

१५ ऑगस्ट २०२१पासून मुंबईत सर्वसामान्यांना लोकल उघडली, ती दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच. साथीच्या दृष्टीने त्यात तथ्य होतं. पण पंचेचाळिशीच्या आतल्यांना लस खऱ्या अर्थाने मिळू लागून जेमतेम दोन महिने झाले होते आणि डोसांतलं अंतरच तीन महिन्यांचं! म्हणजे नियमाप्रमाणे रांगेत थांबलेल्या बदलापूरच्या पोराला लोकल बंद, आणि पैसे देऊन मेमध्येच लस घेतलेल्याला चालू. लस जेव्हा कामावर जायचा पास होते तेव्हा रांगेतली जागा म्हणजे पगार. सगळ्यांना लस मिळायची सोय झाल्याशिवाय असा पास लावू नये, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

लस पुण्यात बनते. मग पुणेकरांना आधी का नाही?

पुणेकरांनी हा प्रश्न विनोदाने विचारला, असं मी धरून चालतो. पण देशपातळीवर हाच प्रश्न गंभीर आहे. कोव्हिशील्ड बनवणाऱ्या पुण्याच्या सीरम कंपनीची लस ‘कोवॅक्स’ या आंतरराष्ट्रीय योजनेमार्फत गरीब देशांना जायची होती. मार्च २०२१च्या अखेरीस आपल्याकडे लाट चढली आणि निर्यात थांबली. पुढे अनेक महिने आफ्रिकेतल्या नर्स पहिल्या डोसाची वाट पाहत होत्या. आपल्या घरात माणसं मरत असताना लस बाहेर पाठवा, असं कोणतंही सरकार म्हणणार नाही, मीही म्हटलं नसतं. पण श्रीमंत देशांनी आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस आधीच अडवून ठेवले नसते, तर सगळा भार एका पुण्याच्या कारखान्यावर आला नसता.

तुम्ही स्वतः कधी घेतली?

मी पंचेचाळिशीच्या आतला. मेमध्ये एका संध्याकाळी दोन डोस उरले होते आणि आतून हाक आली, ‘या दादा, घ्या तुम्ही.’ पोर्टल माझी नोंदच घेईना म्हणून राहिलं. नोंद झाली असती तर घेतली असती, खोटं कशाला बोलू. जूनच्या शेवटी सगळ्यांना खुली झाल्यावर माझ्याच जागी बसलेल्या पोराकडून टोकन घेतलं, क्रमांक ८७. त्या दिवशी ८० डोस आले होते. तिसऱ्या दिवशी मिळाली.